आमची चोवीस तासांची लघवी आमच्या घरची असू द्या

प्रति,
मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि गोवा इथून कोकणातल्या मूत्रपिंड प्रत्यारोपित रुग्णांची देखभाल करणारे सर्व मूत्रपिंडविकारतज्ज्ञ आणि त्यांच्या विभागांतले आहारतज्ज्ञ,

स. न. वि. वि.

हे पत्र लघवीबद्दल आहे, हे आधीच सांगते. घरात हा शब्द आपण आवाज खाली घेऊन बोलतो, पण माझी निम्मी नोकरी त्यातच गेली, तेव्हा मला त्याचा संकोच उरलेला नाही.

मी देवगड तालुक्यातल्या एका लहान पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सात वर्षांपूर्वी धाकट्या भावाला माझं डावं मूत्रपिंड दिलं. त्यामुळे तुमच्या टेबलासमोर मी दोन्ही नात्यांनी बसले आहे, दाती म्हणून आणि रुग्णाची बहीण म्हणून. टेबलाच्या पलीकडची भाषाही थोडीफार कळते. सुरुवातीलाच कबूल करते की शस्त्रक्रिया उत्तम झाली, औषधं नीट बसली, आणि माझा भाऊ आज स्वतःच्या पायांनी आंब्याच्या बागेत फिरतो ते तुमच्यासारख्यांमुळेच. तक्रार त्यानंतरच्या एका कागदाबद्दल आहे.

डिस्चार्जच्या दिवशी आम्हाला आहाराचा एक छापील तक्ता मिळाला. त्यात ब्रोकोली होती, ओट्स होते, राजमा टाळा असं होतं, पनीर किती ते होतं. मासे या शब्दासमोर एकच शब्द होता, 'बंद'. कुठले मासे, किती दिवस, का, काही नाही. भावाने तो कागद एसटीत तीनदा वाचला आणि मला म्हणाला, "गे ताई, हो कागद कोणासाठी लिवलो हा? आपल्या घरात ब्रोकोली कधी बघितलंस?"

पण आम्ही आज्ञाधारक माणसं. मूत्रपिंड मिळायला काय लागतं ते आम्ही पाहिलेलं, म्हणून कागद देवाजवळ ठेवला आणि तंतोतंत पाळला. आईने घरातले मासेच बंद केले. उकड्या तांदळाची पेज, भात, पातळ डाळ, पडवळ, दुधी. भाऊ जेवायचा, पण पानावर बसायला उशीर करायचा. दीड वर्षात त्याचं वजन बावन्न किलोवर आलं. दर वेळी रक्तातलं क्रिएटिनिन मात्र सुरेख यायचं. हा मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा, रक्तात जितका कमी तितकं मूत्रपिंड चांगलं असं धरतात. १.२, मग १.१, मग १.०. रिपोर्ट बघून आम्ही पेढे वाटले आहेत, खोटं नाही सांगत. फक्त आई म्हणायची, "पोराच्या अंगार मास रवला नाय."

आई बरोबर होती आणि मी, लॅबमध्ये वीस वर्षं घालवलेली, चूक होते. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. स्नायूच आटले की ते कमी तयार होणार, आणि मूत्रपिंड तसंच राहिलं तरी रक्तातला आकडा खाली येणार. प्रत्यारोपणानंतरच्या रोजच्या प्रेडनिसोलोनने, म्हणजे स्टेरॉइडने, स्नायू झिजतात, त्यात प्रथिनं कमी आणि हालचाल कमी. पेढे आम्ही झिजेचे वाटले होते. हे तुम्हाला माहीत आहे, पण दहा मिनिटांच्या भेटीत रक्ताचा एक आकडा बघून 'छान चाललंय' म्हणताना ते आठवायला वेळ कुठे मिळतो? तुमच्या बाहेरच्या बाकांवर किती जण बसलेले असतात ते मी पाहिलं आहे.

हे कळायचा साधा मार्ग चोवीस तासांची लघवी हा आहे. सकाळची पहिली टाकून द्यायची, तिथून पुढची प्रत्येक कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली धरून थांबायचं. त्यात दिवसभरात किती क्रिएटिनिन बाहेर पडलं ते मोजलं की अंगावर स्नायू किती आहेत याचा अंदाज येतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथल्या मंडळींनी प्रत्यारोपित रुग्णांवर हे बारकाईने पाहिलं आहे. ज्यांच्या लघवीतून रोजचं क्रिएटिनिन कमी पडत होतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. रक्तातलं कमी असेल तर आनंद आणि लघवीतलं कमी असेल तर काळजी, हे गणित सामान्य माणसाला उलटंपालटं वाटतं. म्हणून ते समजावून सांगायला हवं.

तुमच्याकडे चोवीस तासांची लघवी मागत नाहीत असं नाही. वर्षातून एकदा मागतात, लघवीतून प्रथिनं गळतात का ते पाहायला. पण ती कुठे गोळा होते? आम्ही आदल्या दिवशी गाडीने येतो, लॉजवर उतरतो, कॅन तिथल्या बाथरूममध्ये ठेवतो. दोन दिवस वडापाव, उडुप्याकडची इडली आणि थाळी. म्हणजे कॅनमध्ये जे भरतं ते लॉजच्या गल्लीतलं जेवण. लघवीतला युरिया खाल्लेल्या प्रथिनांतून बनतो, तो कालपरवाच्या ताटाचा हिशेब सांगतो. त्यावरून देवगडच्या घरात काय शिजतं ते कसं कळणार? एकदा आम्ही घरूनच कॅन भरून नेला. कोल्हापूरच्या एसटीत वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर धरला होता, आणि शेजारची म्हातारी सबंध घाटभर विचारत होती, "आगळ काय गे? कसा दिलंस?" तिला तो कोकमाचा रस वाटला. खिडकीवर मात्र तो घेतला नाही. बाहेर गोळा केलेला चालत नाही म्हणाले.

असा सबंध कॅन न्यायची मुळात गरजच नसते. एकूण किती मिलिलिटर झाली ते मोजायचं, नीट ढवळायचं आणि त्यातली दहावीस मिलिलिटर बाटलीत भरून पाठवायची. हे काम आमच्यासारखी तालुक्याची कुठलीही लॅब करू शकते. फक्त तुमच्या खिडकीने ते मानलं पाहिजे.

आता ज्या गोष्टीने मला हे पत्र लिहायला बसवलं ती सांगते. २०१९ मध्ये त्याच ग्रोनिंगनच्या रुग्णांवर एक अभ्यास छापून आला. प्रत्यारोपण होऊन किमान एक वर्ष झालेले जवळजवळ सातशे रुग्ण घेतले, त्यांची चोवीस तासांची लघवी गोळा केली आणि त्यातलं टॉरिन मोजलं (ते काय, ते पुढे सांगते). तुलनेला मूत्रपिंड दान करणारे निरोगी लोक होते. दात्यांच्या मानाने रुग्णांच्या लघवीत टॉरिन कमी आढळलं. पुढे सुमारे पाच वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा ज्यांच्यात ते कमी होतं त्यांचं बसवलेलं मूत्रपिंड उशिराने निकामी होण्याचा धोका जास्त दिसला. दात्यांची लघवी असं वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसले. कारण तशी एक बाटली माझीही कुठल्यातरी लॅबमधून गेलेली आहे, आणि भावाची आणि माझी चूल तेव्हा एकच होती.

टॉरिन हे सल्फर असलेलं अमिनो आम्ल. १८२७ साली जर्मनीतल्या दोन शास्त्रज्ञांनी ते बैलाच्या पित्तातून वेगळं केलं, म्हणून लॅटिनमधल्या बैलाचं नाव त्याला चिकटलं. इतर अमिनो आम्लांसारखं ते प्रथिनांच्या साखळीत गुंफलं जात नाही, पेशींमध्ये सुटंच असतं. यकृत थोडं तयार करतं, बाकीचं अन्नातून येतं. भाजीपाल्यात जवळजवळ नाही. मांसात आहे, माशांत आहे आणि शिंपल्यांत भरपूर आहे. म्हणजे तिसरे, शिनाणे, कालवं. वाचता वाचता मला हसू आलं. आमच्या खाडीत ओहोटीला बायका कमरेइतक्या पाण्यात वाकून जे वेचतात तेच. मांजराला हे अंगात पुरेसं तयार करता येत नाही. अन्नातून मिळालं नाही तर त्याचं हृदय फुगतं, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं आणि तेव्हापासून मांजरांच्या डब्यातल्या खाण्यात ते मुद्दाम घालतात. आमच्या ओट्यावरचं मांजर सुरमईच्या डोक्यासाठी जीव का टाकतं, याला एवढं मोठं शास्त्र आहे हे ठाऊक नव्हतं.

मूत्रपिंडाची यात गंमत आहे. रक्त गाळताना बहुतेक अमिनो आम्लं खाली पडतात आणि नलिका ती लगेच उचलून परत आत घेतात. नलिकांना इजा झाली की ती सरसकट गळू लागतात. टॉरिनच्या बाबतीत मूत्रपिंड काटकसरी गृहिणीसारखं वागतं. ताटात भरपूर आलं की जास्तीचं सोडून देतं, कमी आलं की धरून ठेवतं. त्यामुळे लघवीतलं टॉरिन बऱ्याच अंशी ताटाची गोष्ट सांगतं, आणि थोडी मूत्रपिंडाचीही.

सल्फरबद्दलही ग्रोनिंगनच्या मंडळींचंच आधीचं काम आहे. मेथिओनिन आणि सिस्टीन ही दोन अमिनो आम्लं प्रथिनांतून येतात आणि त्यांच्यातलं सल्फर शेवटी सल्फेट बनून लघवीवाटे जातं. ज्या रुग्णांच्या लघवीत ते जास्त होतं, ते जास्त जगले. सगळे धागे थोड्याफार फरकाने एकाच दिशेला जातात. प्रत्यारोपणानंतर माणूस पोटभर आणि नीट खातो आहे की नाही, हे लघवी सांगते आणि ते ऐकण्यासारखं आहे.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर उद्या कोणी माझ्या नावावर टॉरिनच्या गोळ्या घेईल. समुद्रावर पाखरं एका जागी घिरट्या घालू लागली की रापणकार ओळखतात, तिथे मासळीचा थवा आहे. पण आपण पाखरं नेऊन सोडली म्हणून मासळी येत नाही. लघवीतलं टॉरिन असं पाखरू आहे. ते कमी असणं आणि मूत्रपिंड जाणं एकत्र दिसलं, एकामुळे दुसरं झालं हे त्यातून सिद्ध होत नाही. ज्याची भूक मेली, स्नायू गेले, मूत्रपिंड आधीच मंदावलं, त्याच्याही लघवीत ते कमीच सापडणार. वर ती माणसं डच, त्यांचं जेवण वेगळं. गोळ्या किंवा त्या टिनमधल्या एनर्जी ड्रिंकने मूत्रपिंड टिकतं असं कोणी दाखवलेलं नाही. प्रत्यारोपित रुग्णाने तर ते टिन हातातही घेऊ नये. आणि हे पत्र वाचून कुणी स्वतःच्या मनाने पथ्य मोडू नये. डॉक्टरांना पत्र लिहिलं आहे ते डॉक्टरांनीच ठरवावं म्हणून.

माझं म्हणणं एवढंच की आधी मोजा, मग बंद करा.

आम्ही काय केलं ते सांगते. भावाचं वजन बघून एका तरुण डॉक्टरबाईंनी (त्या आता बदलून गेल्या) सांगितलं, घरी रोज जेवता तेच जेवा आणि घरीच चोवीस तास गोळा करा. मी लॅबमध्ये मोजलं. युरिया दिवसाला नऊ ग्रॅम. त्यातला नायट्रोजन साधारण ४.२ ग्रॅम. वजनाला ०.०३१ ने गुणायचं, ते त्यात मिळवायचं आणि बेरजेला ६.२५ ने गुणायचं, हे मरोनी यांचं सूत्र तुम्हाला पाठ असेल. उत्तर आलं दिवसाला ३६ ग्रॅम प्रथिनं, किलोमागे जेमतेम ०.७. वरून प्रेडनिसोलोन. लघवीतलं क्रिएटिनिन दिवसाला ७०० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे साडेतेराच्या आसपास. त्याच्या वयाच्या पुरुषात वीसच्या जवळ असायला हवं. आधी वाटलं एखादी वेळ कॅनमध्ये करायला विसरला असेल. पुन्हा गोळा केलं, तेवढंच आलं.

पण खरा धक्का सोडियमचा होता. २१० मिलिमोल. म्हणजे दिवसाला बारा ग्रॅम मीठ! जुलै महिना होता. आईला विचारलं, मीठ किती घालतेस? ती म्हणाली, चिमटीने. मग उलगडा झाला. कागदावर 'मासे बंद' होतं म्हणून घरात ताजा मासा येत नव्हता, पण पेजेबरोबर सुकटीची चटणी, कधी भाजलेला सुका बांगडा, वर मिठातली कैरी हे रोज चालू होतं. विचारलं तर भाऊ म्हणतो, "ता काय मासे न्हय, ता तोंडाक लावूक." पथ्याच्या कागदाने ज्याच्यात प्रथिनं आहेत ते पापलेट घराबाहेर काढलं, आणि ज्याच्यात मूठभर मीठ आहे त्या सुकटीला हात लावला नाही. कागदाला सुकट माहीतच नव्हती.

त्या डॉक्टरबाईंनी मग सुकं पूर्ण थांबवलं आणि ताजे मासे मोजून सुरू केले. पोटॅशियम आणि फॉस्फरस रक्तात दर महिन्याला बघत. दुपारी बांगड्याचा एक तुकडा, कधी सौंदाळे, आठवड्यातून एकदा तिसऱ्यांची एकशिपी, पूर्ण शिजवलेली. कच्चं किंवा अर्धंकच्चं शिंपलं मात्र कधीच नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असलेल्याला त्यातला जंतू जीवघेणा ठरू शकतो, आणि ही भीती तुमची खरी आहे. वर्षभराने पुन्हा मोजलं. वजन अठ्ठावन्न, युरिया पंधरा ग्रॅम, प्रथिनं दिवसाला ५५ ग्रॅम, क्रिएटिनिन ११००, सोडियम १२०. रक्तातलं क्रिएटिनिन १.०वरून १.२ झालं. त्या दिवशी पेढे कोणी आणले नाहीत, पण खरं म्हणजे तेव्हा आणायला हवे होते. सगळ्यांना हेच लागू पडेल असं म्हणणार नाही. ज्याचं पोटॅशियम वर आहे, ज्याच्या लघवीतून प्रथिनं गळतात, त्याचं गणित वेगळं. म्हणूनच मोजायचं.

टॉरिन आम्ही मोजलेलं नाही. अमिनो आम्लं वेगवेगळी करणारी यंत्रं मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये आहेत, ती मुख्यतः नवजात बाळांच्या जन्मजात आजारांसाठी वापरतात. प्रत्येक रुग्णाची ही तपासणी करा अशी मागणी आज शहाणपणाची नाही. पण कोकणात हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, हे तुमच्यातल्या संशोधकांनी ध्यानात घ्यावं. आमचं ताट वर्षभर सारखं नसतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी. त्या दिवसांत पहिल्या पावसाचे वलगणीचे मासे, मग सुकं. लागोपाठ श्रावण, तेव्हा निम्मी घरं शाकाहारी. गणपतीत गौरीला काही घरांत माशांचा नैवेद्य, काहींत नाही. आणि ऑक्टोबरात बाजार तारल्यांनी भरलेला. एकाच माणसाच्या लघवीतलं टॉरिन ऑगस्टात आणि ऑक्टोबरात किती वेगळं येईल! डच माणसाच्या ताटात असे ऋतू नसतात. आता ओरोस, रत्नागिरी आणि अलिबाग इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. तिथे फ्रीजर आहेत, शिकणारी मुलं आहेत. वर्षातून दोनदा बाटल्या गोठवून ठेवल्या तर दहा वर्षांनी कोणाला तरी उत्तर मिळेल.

तक्त्यात नसलेल्या आणखी काही गोष्टी, जाता जाता. पपनस. गणपतीच्या आसपास आमच्या परसात पपनसं पिकतात आणि सोलून सगळ्यांना वाटतात. ग्रेपफ्रुटसारखंच तेही टॅक्रोलिमसची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची, रक्तातली पातळी चढवू शकतं. तुमच्या तक्त्यात ग्रेपफ्रुट टाळा असं आहे, आणि आमच्याकडे ग्रेपफ्रुट कोणी पाहिलेलं नाही. करमळ, जिला चांदणीफळ किंवा स्टारफ्रुट म्हणतात, तिच्यातलं विष अशक्त मूत्रपिंडाला बाहेर टाकता येत नाही, ते मेंदूवर जातं, उचकी लागते, फिट येते. बिमली या आंबट फळाचा रस तर त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे चांगलं मूत्रपिंडही बंद पाडू शकतो, केरळात तसे रुग्ण नोंदलेले आहेत. आमच्याकडे हेच आंबट आमटीत पडतं, लोणच्यात पडतं. ही तीन नावं तुमच्या कागदावर आली, तर ब्रोकोलीची एक ओळ गेली तरी चालेल.

तेव्हा विनंती अशी. कोकणातून येणाऱ्या रुग्णाला वर्षातून दोनदा, एकदा मासळीच्या दिवसांत आणि एकदा बंदीच्या, घरच्या जेवणावर घरीच चोवीस तासांची लघवी गोळा करायला सांगा. तालुक्याच्या लॅबने मोजलेलं एकूण प्रमाण आणि पाठवलेली बाटली मान्य करा. त्यात प्रथिनांबरोबर युरिया, क्रिएटिनिन आणि सोडियम लिहून द्या. या तपासण्या महाग नाहीत, यंत्रं सगळीकडे आहेत. आणि आहारतज्ज्ञांनी तक्ता देण्याआधी एकदा विचारावं, काल रात्री काय जेवलात? विचारताना 'तोंडी लावायला काय होतं' हेही विचारा, कारण आमचं मीठ तिथेच लपलेलं असतं.

दात्यांबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल. सात वर्षांत माझी लघवी कोणी मागितली नाही. मीच मोजते, दर दिवाळीला.

भावाची पुढची तारीख नारळी पौर्णिमेनंतरच्या सोमवारी आहे. कॅन मी धुवून ठेवला आहे. शनिवारी सकाळची पहिली टाकून तो सुरू करेल, रविवारी मी मोजेन आणि सोमवारी बाटली, एकूण मिलिलिटरचा आकडा आणि त्या दिवशी तो काय काय जेवला त्याचा कागद घेऊन आम्ही तुमच्या खिडकीवर येऊ. या वेळी तेवढी घ्या.

आपली,
देवगड तालुक्यातली एक लॅब टेक्निशियन आणि मूत्रपिंडदाती